१९९६ ची माझदा एमएक्स-५ : डॅम्पर आणि स्प्रिंग रेट कोणत्या हिशेबाने निवडावेत?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे १९९६ सालची, १.८ लिटर इंजिनाची माझदा एमएक्स-५ आहे. अमेरिकेत तिला सगळे मिआटा म्हणतात. मी कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो. गाडी आठवड्यातले एकदोन दिवस कचेरीला जाते, शनिवारी सकाळी स्कायलाइन बुलेव्हार्ड आणि हायवे ९ च्या वळणांवर फिरते आणि वर्षातून मोजक्या वेळा लगुना सेका किंवा थंडरहिल येथे ट्रॅकवर धावते. जुन्या डॅम्परमधून (शॉक ॲब्झॉर्बरमधून) तेल झिरपू लागले आहे, तेव्हा ते बदलायचे आहेतच. आणि एवढे काम निघालेच आहे तर स्प्रिंगही बदलाव्यात असा विचार आहे.

बाजारात पाहिले तर प्रत्येक संचावर ७/४, १०/६ असे आकडे लिहिलेले असतात. पहिला पुढचा स्प्रिंग रेट, म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला लागणारा भार, दुसरा मागचा, दोन्ही किलो प्रति मिलिमीटर. ट्रॅकवर भेटणारी बहुतेक मंडळी '१०/६ च्या खाली घेऊ नकोस' असे सांगतात आणि माझाही कल तिकडेच आहे. टायर २०५/५०-१५ मापाचे, २०० ट्रेडवेअरचे, म्हणजे लवकर झिजणारे पण चांगली पकड देणारे आहेत. हे आकडे कोणत्या हिशेबाने ठरवायचे, आणि डॅम्परवर किती खर्च करणे शहाणपणाचे, यावर जाणकारांची मते हवी आहेत.

अवांतरप्रिय

स्प्रिंगचा आकडा विचारून घेणे म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याचा नंबर विचारून चष्मा करून आणण्यासारखे आहे. गंभीर उत्तरे खाली येतीलच; मी आपली जागा धरून बसतो.

शून्य_ते_शंभर

आधी एक प्रश्न. आपण एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या) ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे शंकू मांडून घेतल्या जाणाऱ्या वेळेच्या स्पर्धेत, भाग घेणार आहात काय? त्यांच्या स्ट्रीट वर्गांत डॅम्पर बदलण्यास परवानगी आहे, परंतु स्प्रिंग मूळच्याच ठेवाव्या लागतात. स्प्रिंग बदलली की गाडी वरच्या, अधिक फेरफार केलेल्या गाड्यांच्या वर्गात जाते आणि तिथे फक्त स्प्रिंग बदललेल्या गाडीला फारशी आशा नसते. स्पर्धा करायची असेल तर नियमपुस्तक आधी वाचा आणि मग खरेदीला निघा.

डोंगरवाट

@शून्य_ते_शंभर, स्पर्धेचा विचार नाही. केवळ ट्रॅक डे, तेही वेळ न मोजता.

गणिती_आत्या

मग हिशेब मोकळेपणाने करता येईल. किलो प्रति मिलिमीटर हा आकडा स्प्रिंगचा आहे, चाकाचा नव्हे, ही गोष्ट या साऱ्या चर्चेत सर्वप्रथम ध्यानात घ्यावी. आपल्या गाडीला चारही चाकांवर दुहेरी विशबोन (चाक धरणारे वरखालचे दोन आडवे हात) आहेत आणि स्प्रिंग खालच्या विशबोनवर चाकापासून आत बसवलेली आहे. चाक १० मिलिमीटर वर गेले की स्प्रिंग १० मिलिमीटर दबत नाही, कमी दबते. या गुणोत्तराला मोशन रेशो म्हणतात, आणि चाकाला जाणवणारा रेट काढताना त्याचा वर्ग घ्यावा लागतो, कारण हालचालही त्या प्रमाणात कमी होते आणि बलही. पुढे व मागे हे गुणोत्तर निरनिराळे असते, म्हणून १०/६ यातले दोन आकडे एकमेकांशी थेट ताडून काहीच निष्पन्न होत नाही.

आपण गाडी चार काट्यांवर तोलली आहे काय? तोलली असल्यास प्रत्येक कोपऱ्यावरचे वजन कळवावे.

डोंगरवाट

होय, आत्या. चालकासह, अर्धी टाकी पेट्रोल असताना एकूण १,१२० किलो भरली. पुढच्या चाकांवर ५२ टक्के.

गणिती_आत्या

छान. म्हणजे पुढे प्रत्येक चाकावर सुमारे २९१ किलो आणि मागे २६९. यातून चाक, टायर, ब्रेक, हब असे स्प्रिंगच्या खालचे वजन वजा केले पाहिजे. ते प्रत्येक कोपऱ्यात ३५ किलोच्या आसपास धरू. स्प्रिंगवर तोललेले वजन पुढे २५५ आणि मागे २३५ किलो उरते. मोशन रेशो गणिताच्या सोयीसाठी पुढे ०.७ आणि मागे ०.८ धरते. स्प्रिंग काढून, जॅकने चाक थोडे थोडे उचलून, पट्टीने मोजून हे आकडे आपल्या गाडीवर तपासून घ्यावेत. तासाभराचे काम आहे.

आता १०/६ चा अर्थ पाहू. पुढची स्प्रिंग १० किलो म्हणजे ९८ न्यूटन प्रति मिलिमीटर. तिला ०.७ च्या वर्गाने, म्हणजे ०.४९ ने गुणले की चाकाशी ४८ न्यूटन प्रति मिलिमीटर मिळतात. २५५ किलोवर त्याची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावेल तो आकडा, येते साधारण २.२ हर्ट्झ. मागे ६ किलोची स्प्रिंग चाकाशी ३७.७ न्यूटन प्रति मिलिमीटर देते आणि वारंवारता येते २.० हर्ट्झ.

सर्वसाधारण प्रवासी गाड्या १ ते १.५ हर्ट्झमध्ये असतात, रस्त्यावरच्या चपळ स्पोर्ट्स कार १.५ ते २ च्या दरम्यान, आणि हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारे पंख नसलेल्या, केवळ ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्या २ ते २.५ च्या आसपास. आपला कल ज्याच्याकडे आहे, तो १०/६ चा संच आपल्या गाडीला दुसऱ्या कप्प्यातून तिसऱ्यात नेतो. हायवे ९ वर डांबराचे जोड आणि झाडांच्या मुळांनी उचललेला रस्ता आहे ना? तिथे २.२ हर्ट्झची गाडी रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी त्यावरून उड्या मारील.

माझ्या मते पुढचे लक्ष्य १.८ हर्ट्झ ठेवावे. त्यासाठी चाकाशी ३२.६ न्यूटन प्रति मिलिमीटर लागतात, ०.४९ ने भागले की स्प्रिंग येते ६६.६ न्यूटन, म्हणजे ६.८ किलो प्रति मिलिमीटर. अमेरिकन दुकानदाराच्या भाषेत ३८० पौंड प्रति इंच.

मृदुला_एस

वाचनखूण साठवली आहे. आत्या, मागच्या स्प्रिंगचे लक्ष्य सांगायचे राहिले.

गणिती_आत्या

मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवावी असा जुना दंडक आहे. मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये यावर काम केले. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. मागचे टोक थोडे जलद हेलकावले तर ते पुढच्या टोकाला गाठते आणि गाडी पुढे-मागे डुलण्याऐवजी सपाट वरखाली होते. मागे १.९५ हर्ट्झ धरले तर चाकाशी ३५.३ न्यूटन आणि स्प्रिंग ५.६ किलो प्रति मिलिमीटर. म्हणून माझे उत्तर ६.८/५.६, जवळचा तयार संच ७/५.५.

हेथेलकर

येथे माझा मतभेद नोंदवतो. ऑली यांचे निरीक्षण त्या काळच्या, फार कमी डॅम्पिंग असलेल्या गाड्यांसाठी अगदी योग्य होते. डोंगरवाट यांच्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) २,२६५ मिलिमीटर आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने मागचे चाक पुढच्यानंतर सुमारे ०.०८ सेकंदाने त्याच उंचवट्यावर पोहोचते. पुढचे एक आंदोलन ०.५६ सेकंदाचे आणि मागचे ०.५१ चे असेल, तर मागच्याला ती पिछाडी भरून काढायला जवळजवळ दोन आंदोलने लागतील. चांगल्या स्पोर्ट्स डॅम्परने तोपर्यंत हेलकावा केव्हाच मारून टाकलेला असतो. मग सपाटपणा जुळायचा तरी कधी?

दुसरी, याहून मोठी अडचण तोलाची आहे. आपल्या सूचनेत मागचा चाक-रेट ३५.३ आणि पुढचा ३२.६, म्हणजे वळणात कलण्याला होणारा विरोध मागे जास्त. वजनाची आडवी बदली मागच्या टायरांवर अधिक पडेल आणि गाडी वळणात शेपूट फिरवू लागेल. पावसाळी दिवशी हायवे ९ वर ते कोणालाही नको असते.

मी नॉर्विचजवळ राहतो आणि माझ्याकडे पहिल्या पिढीची लोटस एलिस आहे. हेथेलच्या, म्हणजे लोटसच्या कारखान्यातल्या, मंडळींची रीत अशी की स्प्रिंग मऊ ठेवायची, चाकाला भरपूर हालचाल द्यायची आणि ताबा डॅम्परकडे सोपवायचा. एलिसला मागे अँटी-रोल बार (डावे-उजवे चाक जोडून कलणे रोखणारा दांडा) दिलेलाच नाही. बार फक्त पुढे आहे. गाडी कलते, पण टायर रस्ता सोडत नाही. एमएक्स-५ मध्येही पुढे ६.८ असेल तर मागे ४ किलो पुरे, वारंवारता १.६५ च्या आसपास राहील आणि मागचा टायर सुखाने काम करील.

गणिती_आत्या

@हेथेलकर, डॅम्पिंगचा मुद्दा अर्धाच मान्य. चांगल्या डॅम्परचे बल वेगाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. गाडीचे शरीर कलते किंवा झुकते तेव्हाच्या मंद हालचालीत ते जोरदार असते आणि खड्ड्याच्या झटक्यात ते तुलनेने सैल पडते. म्हणजे नेमक्या खड्ड्याच्या प्रसंगी डॅम्पिंग कमी असते आणि सपाटपणाचा लाभ काही अंशी शिल्लक राहतो. मागच्या बाजूच्या तोलाविषयी आपण म्हणता ते बरोबर; त्यावर माझा उपाय पुढे जाड, पोकळ अँटी-रोल बार हा आहे. बार फक्त कलण्याला विरोध करतो, दोन्ही चाके एकत्र वर गेल्यास तो मध्ये पडत नाही.

हेथेलकर

जाड बारने एका चाकाचा धक्का दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो. तुटक्या रस्त्यावर गाडीचे डोके डावीउजवीकडे हलत राहते. तरीही तो एक मार्ग आहे, हे मान्य.

अवांतरप्रिय

ऑली साहेबांना कल्पना नसेल की त्यांच्यावरून नॉर्विच आणि (बहुधा) डोंबिवली यांच्यात एवढे वाजेल.

गणिती_आत्या

ठाणे.

चाकणकर

मी चाकणला शॉक ॲब्झॉर्बर बनवणाऱ्या एका कारखान्यात बरीच वर्षे चाचणी विभाग सांभाळला, आता निवृत्त आहे. स्प्रिंगवर आपण मंडळींनी चांगली चर्चा केली, पण धागाकर्त्यांचे पैसे जास्त खर्च होणार आहेत ते डॅम्परवर, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

स्प्रिंग किती बल देणार हे ती किती दबली यावर ठरते. डॅम्पर किती बल देणार हे तो किती वेगाने हलतो यावर ठरते. त्यामुळे डॅम्परची ओळख एका आकड्याने होत नाही, आलेखाने होते. आत्यांचे गणित पुढे नेतो. २५५ किलो आणि चाकाशी ३२.६ न्यूटन प्रति मिलिमीटर असेल, तर हेलकावा एकदाही उलटू न देणारे क्रांतिक डॅम्पिंग चाकाशी सुमारे ५,७७० न्यूटन-सेकंद प्रति मीटर येते. मंद हालचालीत त्याच्या ६५ टक्के हवे असे धरू. ते झाले ३,७५०. पुन्हा ०.४९ ने भागले की खुद्द डॅम्परपाशी ७,६५० लागतात. दांडा सेकंदाला ५० मिलिमीटर या वेगाने हलत असताना सरासरी ३८० न्यूटन बल मिळाले पाहिजे. ते दोन्ही दिशांना समान नसते. रिबाउंडला (डॅम्पर लांब होताना) साधारण ४८० आणि कॉम्प्रेशनला (तो दबताना) २८० अशी वाटणी केली तर गाडी वागायला बरी. आता विक्रेत्याला विचारा की या वेगाला तुमचा डॅम्पर किती बल देतो. जो आलेख काढून दाखवतो त्याच्याशी पुढे बोलावे. जो 'बत्तीस क्लिक आहेत' एवढेच सांगतो त्याला नमस्कार करून निघावे.

क्लिकविषयी, म्हणजे डॅम्पर घट्ट-सैल करणाऱ्या नॉबच्या टप्प्यांविषयी, थोडे परखडपणे लिहितो. स्वस्त संचांमध्ये एकच नॉब असतो. तो काय बदलतो हे खोक्यावर लिहिलेले नसते. बहुधा तो तेलाची एक आडवाट कमी-जास्त उघडतो, त्यामुळे मंद वेगातले बल बदलते आणि दोन्ही दिशांना थोडे थोडे बदलते. डावा डॅम्पर दहाव्या क्लिकला आणि उजवाही दहाव्या क्लिकला असताना दोघांचे बल सारखे असेल याची खात्री चाचणी-यंत्रावर लावल्याशिवाय देता येत नाही. कोनी कंपनीच्या पिवळ्या स्पोर्ट डॅम्परमध्ये नॉब केवळ रिबाउंड बदलतो. ओलिन्स कंपनीच्या रोड अँड ट्रॅक डॅम्परमध्ये एकच नॉब दोन्ही बाजू एकत्र बदलतो. दोन्ही रचना चालतात, कारण नॉब काय करतो हे उत्पादकाने सांगितलेले आहे आणि तो तेच करतो.

रिबाउंड वाढवला की गाडी 'घट्ट' वाटते, म्हणून लोक तो वाढवतच जातात. अति झाला की चाक खड्ड्यात उतरल्यावर स्प्रिंगला परत लांब व्हायला वेळ मिळत नाही; एकामागून एक खड्डे आले की गाडी पायरी पायरीने खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर, म्हणजे हालचालीच्या टोकाला असलेल्या रबरी ठोकळ्यावर, टेकते.

मृदुला_एस

चाकणकर काका, ट्विन-ट्यूब आणि मोनोट्यूब यांपैकी कोणता घ्यावा? मोनोट्यूब सर्वस्वी श्रेष्ठ असे सगळीकडे वाचायला मिळते.

चाकणकर

'सर्वस्वी' हा शब्द जाहिरातीत शोभतो. मोनोट्यूबमध्ये तेल आणि वायू यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो. वायू दाबाखाली असल्याने तेलात फेस होत नाही, आणि नळीची भिंत थेट वाऱ्यात असल्याने उष्णता लवकर निघून जाते. ट्रॅकवर सलग वीस मिनिटे गाडी पळवायची असेल तर हे गुण मोलाचे. परंतु त्याची नळी हीच पिस्टनची भिंत असते. दगड लागून तिला पोचा पडला तर डॅम्पर गेला. ट्विन-ट्यूबला बाहेरच्या नळीवरचा पोचा बहुधा सोसतो आणि त्याच्या सीलवर दाब कमी असल्याने घर्षणही कमी असते. कोनीचे पिवळे ट्विन-ट्यूब आहेत आणि ते कोणी मामुली म्हणत नाही.

एक व्यावहारिक बाब लोक विसरतात. मोनोट्यूबमधला वायू दांड्याला सतत बाहेर ढकलतो. दाब २० बार आणि दांडा १४ मिलिमीटर जाडीचा असेल तर हे बल सुमारे ३०८ न्यूटन होते. मोशन रेशो लावून चाकाशी २१५ न्यूटन, म्हणजे आपल्या स्प्रिंगवर गाडी सहा-सात मिलिमीटर वर उचलली जाईल. उंची ठरवताना हे धरा, नाहीतर 'स्प्रिंग चुकीच्या पाठवल्या' म्हणून दुकानदाराशी भांडण व्हायचे.

नेमस्त

सर्वांचा मान राखून वेगळे मत मांडतो. धागाकर्त्यांची गाडी १९९६ ची आहे. विशबोनचे रबरी बुश मूळचेच असतील तर ते कडक झाले असतील किंवा फाटले असतील. अलाइनमेंट केव्हा केली होती? माझ्या पाहण्यात अशा गाड्यांच्या निम्म्या तक्रारी बुश, बॉल जॉइंट आणि अलाइनमेंट यांनीच मिटतात. त्यानंतर एखाद्या जुन्या, नावाजलेल्या उत्पादकाचा डॅम्पर आणि त्याच्याशी जुळवूनच विकली जाणारी थोडी कडक स्प्रिंग, एवढे घ्यावे. उत्पादकाच्या अभियंत्यांनी हे सगळे गणित करून, गाडी चालवून ठरवलेले असते. प्रत्येकाने आपापल्या गॅरेजमध्ये ते पुन्हा का करावे?

गणिती_आत्या

कारण उत्पादकाने ते त्याच्या गिऱ्हाइकाच्या सरासरीसाठी केलेले असते, आणि ते सरासरी गिऱ्हाईक २०० ट्रेडवेअरचे टायर लावून लगुना सेकाला जात नाही. बुशविषयी मात्र पूर्ण सहमत.

चाकणकर

नेमस्त यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. फक्त स्प्रिंग बदलून जुना डॅम्पर ठेवणे सर्वांत वाईट, हे त्यात जोडतो. स्प्रिंग दुप्पट केली तर लागणारे डॅम्पिंग साधारण १.४ पट होते, कारण ते वर्गमुळाने वाढते. मूळ डॅम्परमध्ये थोडी शिल्लक असते, पण दीडपट कडक स्प्रिंगला पुरेल एवढी नाही, आणि तेल झिरपणाऱ्या डॅम्परमध्ये तर मुळीच नाही.

रिंगवाला

मी जर्मनीत असतो आणि न्यूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या लांबलचक ट्रॅकवर माझी एमएक्स-५ अधूनमधून फिरते. वीस किलोमीटर आठशे मीटरच्या त्या वर्तुळात चढउतार, खोलगट भाग आणि उंचवटे इतके आहेत की तिथे हालचालीची लांबी हाच खरा प्रश्न होतो, आणि तो मुद्दा इथे अजून कोणी घेतलेला नाही.

या गाडीच्या पहिल्या पिढीत चाकाला वर जाण्यासाठी जागा मुळातच कमी आहे. गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली की ती जागा जवळजवळ संपते आणि प्रत्येक मोठ्या उंचवट्यावर बंप स्टॉप लागतो. बंप स्टॉप हीसुद्धा एक स्प्रिंगच असते, आणि ती अचानक फार कडक होते. वळणाच्या मधोमध पुढचा बंप स्टॉप लागला की पुढच्या चाकाचा रेट एकदम वाढतो, टायर सुटतो आणि गाडी सरळ जाऊ लागते. मागचा लागला तर ती फिरते. आपण आठ दिवस खपून ६.८ ठरवावेत आणि गाडीने ऐन वळणात आपल्या मनाने तीस करावेत!

त्यामुळे गाडी फार खाली घेऊ नका. दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ चे डॅम्परचे वरचे माउंट (डॅम्पर गाडीला जोडणारी बैठक) पहिल्या पिढीच्या गाडीत बसवता येतात आणि वर जाण्याची जागा वाढते. बरीच मंडळी तसे करतात. शिवाय बंप स्टॉप कापून फेकू नका. सच्छिद्र पॉलियुरेथेनचे, हळूहळू कडक होत जाणारे बंप स्टॉप मिळतात, ते बसवा.

खाली जाण्याची हालचालही पाहावी. आत्यांच्या आकड्यांनुसार २५५ किलोचा भार ३२.६ न्यूटनच्या चाक-रेटवर ७७ मिलिमीटर बसतो. स्प्रिंगपाशी सुमारे ५४. डॅम्परचा दांडा तिथून ५४ पेक्षा जास्त बाहेर येऊ शकत असेल तर चाक लोंबकळताना स्प्रिंग सैल होऊन आपल्या जागेवरून हलेल. जर्मनीत तपासणीस हे चाक उचलून बघतात आणि स्प्रिंग हातात हलली तर कागद देत नाहीत. उपाय सोपा आहे. मुख्य स्प्रिंगवर एक छोटी, अगदी मऊ हेल्पर स्प्रिंग ठेवायची. १० किलोच्या स्प्रिंगला हा त्रास आणखी लवकर होतो, कारण ती मुळात कमी बसते.

डोंगरवाट

@रिंगवाला, हे माझ्या लक्षात आलेच नसते. मग प्रीलोड वाढवून, म्हणजे स्प्रिंगखालचा नट फिरवून ती आधीच थोडी दाबून, घट्ट बसवली तर? बऱ्याच ठिकाणी 'प्रीलोड दिला की स्प्रिंग कडक होते' असे वाचले.

रिंगवाला

स्प्रिंगचा रेट तिच्या तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांनी ठरतो. नट फिरवल्याने यांतले काहीही बदलत नाही. साध्या कॉइलओव्हरमध्ये (डॅम्परभोवतीच स्प्रिंग असलेल्या संचात) नट वर फिरवला की गाडी उचलली जाते, एवढेच. ज्या संचात डॅम्परची एकूण लांबी खालच्या ब्रॅकेटवर वेगळी बदलता येते, तिथे नट न हलवता उंची ठरवता येते आणि हालचालीची वाटणी बिघडत नाही.

अवांतरप्रिय

आमच्याकडे सांगलीला एक मिस्त्री होते, ते स्प्रिंगचे वेटोळे गॅसने कापून गाडी 'स्पोर्ट' करून देत.

चाकणकर

वेटोळे कमी झाले की रेट खरोखरच वाढतो, त्यामुळे त्यांचा हिशेब अर्धा बरोबर होता. परंतु गॅसच्या आचेने तारेचा पाणी दिलेला पोलाद तिथे मऊ होतो, आणि कापलेले टोक बैठकीत सपाट बसत नाही. भारतात याची उलटी चालही आहे. उंची वाढावी म्हणून वेटोळ्यांमध्ये रबराचा गोळा घालतात. त्याने ती वेटोळी कामातून जातात आणि उरलेल्यांवर ताण येतो. दोन्ही टाळावे.

शून्य_ते_शंभर

ट्रॅकच्या बाजूने एक शब्द. लगुना सेकाचे डांबर २०२३ मध्ये नव्याने घातले आहे आणि तिथे १.८ हर्ट्झची गाडी थोडी सुस्त वाटेल. तिथल्या कॉर्कस्क्रू नावाच्या वळणात तर रस्ता काही क्षणांत १८ मीटर खाली उतरतो. वर ब्रेक दाबताना नाक बरेच झुकते आणि त्याच अवस्थेत गाडी डावीकडे टाकावी लागते. माझ्या मते पुढे ८ घ्यावेत.

हेथेलकर

ट्रॅकवर वर्षातून मोजके दिवस, आणि तेही वेळ न मोजता. त्यासाठी उरलेले सगळे वर्ष हायवेच्या काँक्रीटच्या जोडांवर पाठ का शेकून घ्यावी? ब्रेक दाबताना नाक झुकणे मंद हालचालीत मोडते. तेवढ्यापुरता डॅम्पर दोन-तीन क्लिक घट्ट करता येतो. नॉबचा खरा उपयोग असेल तर तो एवढाच.

मृदुला_एस

पुण्यातल्या हॅचबॅकला यातले काही लागू पडते काय?

चाकणकर

गणित तेच, उत्तर वेगळे. तिथे पुढे मॅकफर्सन स्ट्रट (वरच्या विशबोनचे कामही करणारा डॅम्पर) असतो, मोशन रेशो एकाच्या जवळ येतो आणि स्ट्रट आडवा भारही झेलतो. शिवाय पाच माणसे बसली की मागचे वजन एवढे बदलते की एका आकड्यावर हिशेब करणे अवघड. स्वतंत्र धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे काही बसवण्याआधी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मात्र जरूर वाचा.

डोंगरवाट

सर्वांचे आभार. मोशन रेशो मोजले, पुढचा ०.७ ला अगदी जवळ आला, मागचा ०.८ पेक्षा किंचित कमी. बुश तपासले, मागच्या खालच्या विशबोनचे फाटलेले आहेत, तेव्हा ते आधी.

१०/६ चा विचार सोडला. पुढे ७ आणि मागे ४.५ किलो, गाडी मूळ उंचीपेक्षा जेमतेम २० मिलिमीटर खाली, वर दुसऱ्या पिढीचे माउंट, मूळचाच पुढचा बार, आणि स्प्रिंग कळवल्यावर त्यानुसार आतले व्हॉल्व्ह जुळवून व चाचणीचा आलेख सोबत पाठवून देणारा मोनोट्यूब डॅम्पर, असे ठरवत आहे. त्याला एकच नॉब आहे आणि तो रिबाउंडचा आहे. किंमत बत्तीस क्लिकवाल्या संचाच्या दुपटीहून थोडी कमी पडते. आत्या, मागचा आकडा आपल्या सूचनेहून हेथेलकरांच्या सूचनेच्या जवळ गेला, त्याबद्दल राग नसावा.

गणिती_आत्या

राग कसला? ४.५ ने मागे १.७ हर्ट्झच्या आसपास येतील. गाडी ओल्या रस्त्यावरही जायची आहे, तेव्हा समंजस निवड आहे. पुढेमागे जाड बार घालावासा वाटला तर मागे ५.५ करून पाहा. स्प्रिंगची जोडी बदलणे डॅम्परच्या मानाने स्वस्त पडते.

चाकणकर

उत्तम. आलेख आले की चारही एकमेकांवर ठेवून पाहा. डावा-उजवा रेषेवर रेष बसला पाहिजे. फरक डोळ्याला दिसत असेल तर बसवण्यापूर्वीच परत पाठवा.

डोंगरवाट

शेवटची शंका. बसवताना वरच्या विशबोनचा लांब बोल्ट काढावा लागणार आहे. तो पुन्हा आवळताना काही विशेष काळजी?

रिंगवाला

आहे. गाडी जॅकवर, चाक लोंबकळत असताना तो पूर्ण आवळू नका. रबरी बुश आवळलेल्या स्थितीत धरला जातो; लोंबकळत आवळला तर गाडी खाली आल्यावर तो कायम पिळलेला राहतो, स्वतःच एक जास्तीची स्प्रिंग होऊन बसतो, आपले आकडे बिघडवतो आणि वर्षभरात फाटतो. बोल्ट हाताने बसवा, गाडी उतारफळ्यांवर उभी करा म्हणजे चाकांवर पूर्ण वजन येईल, दोनदा दाबून हलवा आणि मग टॉर्क पाना लावा. नव्या बुशना तर हे अधिकच लागू. त्यानंतर आठवडाभर गाडी चालवून स्प्रिंग आपल्या जागी बसू द्या, उंची पुन्हा मोजा, आणि अलाइनमेंट त्यानंतरच करा, तीही चालकाच्या आसनावर आपल्या वजनाइतकी पोती ठेवून.